चार डोकी, एक हेडसेट: प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल विसर्जन झालं. मखर सोडून माळ्यावर टाकलं आणि हॉलचा तो कोपरा दहा दिवसांनी पुन्हा दिसला. सईने लगेच लाद्या मोजल्या. "आई, इथे व्हीआर खेळता येईल." (डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि खेळाच्या आत उभं राहायचं, ते.) मोकळ्या जागेवर या मुलीचा डोळा किती दिवस होता, देव जाणे.

लादी दोन बाय दोन फुटांची. टीपॉय बेडरूममध्ये ढकलला तर तीन लाद्या रुंद, चार लांब. म्हणजे ६ बाय ८ फूट. उभं राहून, हिंडत खेळायचं तर साधारण २ बाय २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट तरी हवेत. अर्धा फूट कमी पडतोय. दिवाण भिंतीला चिकटवला तर तो निघेल. दिवाण सासूबाईंचा, त्यामुळे परवानगी घ्यावी लागेल.

परवानगी मिळाली, अटीसकट. "आज ग्रहण, उद्यापासून पितृपक्ष. घरात नवी वस्तू आणायची नाही." म्हणजे खरेदी दसऱ्याला, २ ऑक्टोबरला. मी पोटापाण्यासाठी टेस्टिंग करते. माल घ्यायच्या आधी पंचवीस दिवस हातात मिळणं ही आमच्या धंद्यात चैन आहे. ठरलं, उसने हेडसेट आणून तपासायचे. मर्यादा ४५ हजार. खेळणारे चार: सई (१२), मी, नवरा, आणि "मी नुसतं बघेन" म्हणणाऱ्या सासूबाई.

९ सप्टेंबर, मंगळवार

ठाणे ते ऐरोली गाडीत उभ्याने यादी केली. व्हाइव्ह आणि इंडेक्स हे हेडसेट पहिल्या फटक्यात बाद. ते चालवायला तगडा पीसी हवा आणि खोलीच्या कोपऱ्यांत बेस स्टेशन, म्हणजे हेडसेटला जागा कळावी म्हणून डबे, लावायची. भाड्याच्या घरात भिंतीला भोक म्हटलं की घरमालकांचा फोन येतो.

उरले चार. मेटा क्वेस्ट २ (२०२०चा, आता बंद झालेला, पण भाच्याकडे आहे), क्वेस्ट ३ (ऑक्टोबर २०२३), क्वेस्ट ३एस (ऑक्टोबर २०२४) आणि प्लेस्टेशन व्हीआर२ (फेब्रुवारी २०२३). पहिले तीन स्वतःच्या जिवावर चालतात, वायर नाही, पीसी नाही. चौथ्याला पीएस५ हा सोनीचा गेम कन्सोल लागतो. तो आमच्याकडे नाही, खारघरला भाऊजींकडे आहे.

कागदावरचे आकडे एका रकान्यात मांडले. प्रत्येक डोळ्यापुढे पिक्सेल किती: क्वेस्ट २ आणि ३एस, दोन्हींत १८३२ × १९२०. क्वेस्ट ३ मध्ये २०६४ × २२०८. व्हीआर२ मध्ये २००० × २०४०, पण तो पडदा ओएलईडी, म्हणजे काळं खरोखर काळं. वजनं ५०० ते ५६० ग्रॅमच्या मध्ये, सगळ्यांची जवळजवळ सारखीच. हा तक्ता बघून आजच निकाल लावता आला असता. लावला नाही ते बरं झालं, हे नंतर कळलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सईच्या मैत्रिणीकडून जिओडाइव्ह आला. मोबाइल आत सरकवायचा डबा, २०२३ मध्ये आयपीएल बघण्यासाठी १,२९९ रुपयांना निघालेला. मान फिरवली तर चित्र फिरतं. पण एक पाऊल पुढे टाकलं की सगळं जगही एक पाऊल पुढे सरकतं, कारण मोबाइलला डोकं कुठे वळलं एवढंच कळतं, डोकं कुठे गेलं ते कळत नाही. मला तीन मिनिटांत मळमळलं. सासूबाई मात्र बसल्या जागी पंधरा मिनिटं बघत होत्या. खेळायच्या कामाचा नाही. परत केला.

१४ सप्टेंबर, रविवार

भाच्याचा क्वेस्ट २. अमेरिकेतून आलेला. २०२१ मध्ये याच्या तोंडावरच्या फोममुळे काहींच्या त्वचेला पुरळ यायला लागलं, तेव्हा कंपनीने सिलिकॉनची खोळ दिली होती. भाच्याने ती जपून ठेवली आहे. आपल्या घामाला सिलिकॉनच बरं, पुसता येतं.

पहिलीच अडचण: हातातले कंट्रोलर थरथरायला लागले. सई म्हणाली बॅटरी. बॅटरी बदलल्या, तेच. मग ट्यूबलाइट बंद करून एलईडी दिवा लावला तर थरथर गेली. हेडसेटचे कॅमेरे खोली बघून आपली जागा ठरवतात, आणि आमची ती म्हातारी चोकवाली ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर लुकलुकते. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची फ्रिक्वेन्सी असते, ती अमेरिकेच्या हिशेबाने ६० वर अडकली होती. ५० केली, ट्यूब पुन्हा लावली, हात स्थिर. माझ्या या प्रकल्पातला पहिला बग, आणि तो हेडसेटचा नव्हताच.

दुसरी अडचण जास्त गंभीर: पंखा. टेपने मोजलं. जमिनीपासून पात्यापर्यंत ७ फूट १० इंच. नवऱ्याने कंट्रोलरसकट हात वर केला तर ७ फूट ८ इंच, आणि टाचा उचलल्या की संपलंच. हेडसेट जमिनीवरच्या जागेची सीमा आखून देतो, तिच्या जवळ गेलं की जाळी दाखवतो. छताची सीमा कोणी आखत नाही. हे यंत्र बनवणाऱ्यांच्या हॉलमध्ये पंखा नसावा.

पंखा बंद केला तर सप्टेंबरचा दमटपणा. दहा मिनिटांत लेन्सवर वाफ. शेवटी बेडरूममधला टेबलफॅन टीव्हीच्या बाजूला जमिनीवर ठेवला. त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. वारा डाव्या गालाला लागतोय म्हणजे टीव्ही डावीकडे, हे डोळे झाकलेले असताना कळतं. शिवाय मळमळही कमी वाटली.

सई बीट सेबर खेळली, चाळीस मिनिटं, चक्कर नाही. त्यात आपण जागेवर उभे, ठोकळे आपल्याकडे येतात. पण दुसऱ्या एका खेळात कंट्रोलरवरची कांडी अंगठ्याने ढकलून चालायचं होतं, तिथे मला दोन मिनिटांत घाम फुटला. डोळे म्हणतात चाललो, कान म्हणतात उभे आहोत. उडी मारून एकदम पुढच्या जागी जायचा पर्याय निवडला की थांबतं. हा दोष हेडसेटचा नाही म्हणून गुणांत धरला नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

क्वेस्ट २ मध्ये सई म्हणते "स्वच्छ दिसतंय", मी म्हणते "धुरकट", नवरा म्हणतो "कडा कापल्यासारख्या". यंत्र तेच, खोली तीच. मग आमची तोंडंच मोजायला हवीत.

डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, कारण लेन्स तेवढ्याच अंतरावर हव्यात. चष्म्याच्या दुकानात ते मोजून देतात, पण घरी आरसा आणि कंपासपेटीतली मोजपट्टी पुरते. एक डोळा मिटून शून्य बाहुलीवर धरायचं, मग दुसरा उघडून वाचायचं. तीनदा मोजून सरासरी काढली: सई ५६, सासूबाई ५८, मी ६०.५, नवरा ६९ मिलिमीटर.

क्वेस्ट २ च्या लेन्स फक्त तीन जागी बसतात: ५८, ६३, ६८. सासूबाईंना तंतोतंत. सईला चालून जातं. नवऱ्याला ६८ वर ठेवलं की कडा कापलेल्या दिसतात, कारण आत दोन डोळ्यांसाठी मिळून एकच पडदा आहे, लेन्स बाजूला सरकल्या तरी पडदा सरकत नाही. आणि मी नेमकी ५८ आणि ६३ च्या मधोमध. शिवणाऱ्या बाईकडेही माझं माप असंच दोन नंबरांच्या मध्ये निघतं.

शिवाय या फ्रेस्नेल लेन्स आहेत, भिंगाच्या आत बारीक गोल चरे. डोळा मध्यावरून जरा हलला की धुरकट, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती प्रकाशाचे ओघळ. म्हणजे माप चुकलेल्याला दुप्पट शिक्षा.

२० सप्टेंबर, शनिवार

शेजारच्या विंगमधल्या काकांनी दुबईहून आणलेला ३एस दिला. "ताई, लेन्सला ऊन लागू देऊ नका" एवढंच चारदा सांगितलं. बरोबरच आहे. हे भिंग उलट्या बाजूनेही भिंगच आहे, ऊन आत शिरलं तर पडद्यावर डाग जाळतं आणि तो जात नाही. आमची बाल्कनी पश्चिमेला. संध्याकाळी साडेचारला ऊन थेट शोकेसपर्यंत येतं. हेडसेटची जागा लाकडी कपाटात, लेन्सवर फ्लॅनेलचं कापड.

आतला चिप क्वेस्ट ३ चाच, म्हणून खेळ चटकन उघडतात. नवे काही खेळ, उदाहरणार्थ बॅटमॅनचा आर्कहॅम शॅडो, क्वेस्ट २ वर येतच नाहीत, यावर येतात. बाहेरची खोलीही रंगीत दिसते. सासूबाईंनी हेडसेट घालून स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे का ते बघितलं. कोणत्याही जाहिरातीपेक्षा मला हे जास्त पटलं.

पण लेन्स पुन्हा फ्रेस्नेल, जागा पुन्हा तीनच. किंमत अमेरिकेत २९९ डॉलर, क्वेस्ट ३ ची ४९९. तो दोनशे डॉलरचा फरक कुठे गेला ते माझ्या डोळ्यांना पंचवीस मिनिटांत कळलं. भुवयांच्या मध्ये दुखायला लागलं.

उद्या सर्वपित्री. चाचणी नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

रात्री साडेदहा ते बारा. दुखणं खरंच मापामुळे की माझ्या मनाने घेतलंय? ऑफिसात दुसऱ्याच्या बगवर मी हाच प्रश्न विचारते, स्वतःलाही विचारायला हवा. नवऱ्याला सांगितलं, मला न कळवता लेन्स १ किंवा २ नंबरवर (१ म्हणजे ५८, २ म्हणजे ६३) लाव, मी घालते आणि दुखण्यावरून नंबर सांगते. दहा-दहा मिनिटं, मध्ये पंधरा मिनिटं विश्रांती, तीन फेऱ्या. तिन्ही वेळा मी बरोबर सांगितलं. २ वर लवकर दुखतं, १ वर उशिरा, पण दुखतंच. फेऱ्या तीनच, त्यामुळे शास्त्र म्हणून याची किंमत फार नाही. माझ्या डोक्यापुरती आहे.

नवरा नवरात्राचे उपास करतो आहे, रात्री अकराला वरीचा भात खात खात लेन्स सरकवत होता. त्याची नोंद असावी.

२८ सप्टेंबर, रविवार

धो धो पाऊस. तरी पनवेल गाडी पकडून खारघर गाठलं. भाऊजींचा व्हीआर२.

पडदा बघून तोंडातून "अगं बाई" निघालं. गुहेतला अंधार अंधारासारखा. क्वेस्टमध्ये काळं म्हणजे गडद राखाडी, हे तुलना होईपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. लेन्सचं अंतर चाकाने कमी-जास्त होतं, आणि आतले कॅमेरे डोळे ओळखून तुमची बाहुली कुठे आहे ते पडद्यावर दाखवतात. माझ्या बाहुल्यांवर आणून सोडलं. चाळीस मिनिटं, कपाळ शांत. लेन्स फ्रेस्नेलच आहेत बरं का. म्हणजे माझं भांडण चऱ्यांशी कमी आणि त्या तीन खाचांशी जास्त होतं.

नवऱ्याने ग्रान टुरिस्मो ७ मध्ये गाडी चालवली. दोन फेऱ्यांनंतर गाडी सोडून सोफ्यावर आडवा. घोडबंदर रोडवर रोज दीड तास गाडी चालवणारा माणूस!

मजा वेगळीच होती. खेळणाऱ्याला जे दिसतं ते टीव्हीवर सगळ्यांना दिसतं, काही जोडाजोडी न करता. हॉलमध्ये सात जण ओरडून सूचना देत होते. क्वेस्टचंही चित्र टीव्हीवर टाकता येतं, पण आमच्याकडे ते मध्येच अडकायचं.

वायर मात्र नको. साडेचार मीटर आहे, पुरते, पण सई दोनदा गोल फिरली आणि पायात वेटोळं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, पीसीला जोडायचं अडॅप्टरही आलंय, पीएस५ नाही घेतला तरी चालेल." आलंय खरं, ऑगस्ट २०२४ पासून. पण पीसीवर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त ठळक फरक) नाही, डोळ्यांचा मागोवा नाही, खेळात धक्का बसला की हेडसेट थरथरतो तेही नाही. ज्यासाठी हा घ्यायचा तेच घरी ठेवून निघाल्यासारखं. आणि पीएस५सकट घेतला तर मर्यादेच्या कितीतरी पलीकडे. बाद. रुखरुख लागून राहिली.

येताना गाडीत एक गोष्ट डोक्यात आली. दिवसभरात आठ जणांनी आळीपाळीने घातला, आणि कंटाळा कुणालाच आला नाही. आमच्या घरी दोन आठवडे एकाने काढला की दुसऱ्याने घालून "हां, दिसतंय" म्हणेपर्यंत बाकीचे मोबाइल काढून बसायचे. हा वेळ मी मोजलाच नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

मोजला. "घे" पासून "दिसतंय" पर्यंत. क्वेस्ट २ आणि ३एस, दोन्ही पुन्हा मागून आणले. मऊ पट्टा मागून ओढून सैल करायचा, लेन्स हाताने सरकवायच्या, नवऱ्याच्या चष्म्यासाठी आतली कड बदलायची. दोघांचीही सरासरी दीड मिनिटाच्या आसपास. नवऱ्याच्या आधी-नंतर तर अडीच मिनिटं. कालचा व्हीआर२: आठवणीतून सांगते, अर्धं मिनिट. मागचं चाक फिरवलं की कपाळावर बसतो, समोरचा भाग पुढे ओढला की चष्मा आत मावतो. डोळ्यांची ओळख नव्याने करून द्यायला मात्र थोडा वेळ जातो.

बॅटरी दोन तासांची. चार माणसं, म्हणजे वाट्याला अर्धा तास. त्यातले दीड-दोन मिनिटं प्रत्येक वेळी पट्ट्यात. वरून घाईघाईत लेन्स चुकीच्या खाचेत राहिल्या की माझं कपाळ. तक्त्यात पिक्सेल होते, ग्रॅम होते. यंत्र एका डोक्यासाठी बनवलंय आणि आमच्याकडे चार आहेत, याचा रकानाच नव्हता. आज घातला.

३० सप्टेंबर, मंगळवार

टीममधल्या एकाने क्वेस्ट ३ आणला. जेवणाच्या सुट्टीत मीटिंग रूममध्ये सहा जणांवर चाचणी. (काचेची खोली. काचेत आणि आरशात ट्रॅकिंग गोंधळतं हे माहीत असूनही. पडदे ओढले.)

लेन्स पॅनकेक जातीच्या, चरे नाहीत, डोळा कुठेही वळवा, कडेपर्यंत वाचता येतं. अंतर चाकाने ५८ ते ७१ पर्यंत (कंपनी म्हणते ५३ ते ७५ वाल्यांना चालतं), पडद्यावर आकडा दिसतो. हे मला सगळ्यात आवडलं. "तुझं किती?" "६४." फिरव, घाल. चष्म्यासाठी चेहऱ्याची कड मागे-पुढे होते, वेगळं काही बसवायचं नाही. त्याने मागे चाक असलेला घट्ट पट्टा वेगळा घेतला होता. सहा जणांची सरासरी ३५ सेकंद. मऊ पट्ट्यावर एक मिनिटाच्या आत.

काळं मात्र राखाडीच. खारघरची गुहा डोळ्यांपुढून जात नाही.

दोष आणखी एक: पैसा. ४५ हजारांत बसत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी पूजेत सईने रिकामी जागा ठेवली, हेडसेटसाठी. वाशीला एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला क्वेस्ट ३ सीलबंद आहे. खोक्याच्या एका कडेचं सील नव्याने चिकटवलेलं दिसत होतं, नखाने उचकटलं गेलं. आत लेन्सवर बोटाचा ठसा. चालू करून दाखवा म्हटलं तर "चार्ज नाहीये". बिलावर वॉरंटी काय लिहाल, विचारलं, तर "मॅडम, बाहेरचा माल आहे." परत फिरलो. सई ठाण्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. सोनं वाटायला संध्याकाळी काका आले, त्यांनी ३एस द्यायची तयारी दाखवली, बऱ्याच कमी पैशात. मोह झाला.

५ ऑक्टोबर, रविवार

घरची बैठक. ३एसच्या बाजूने: स्वस्त, ओळखीचा, काकांकडे जपलेला, खेळ तेच. सईचा आणि सासूबाईंचा त्याच्यात काहीच तोटा नाही. तोटा माझा आणि नवऱ्याचा. आणि सईचं म्हणणं रास्त होतं: "पण सगळ्यात जास्त मी खेळणार ना?"

मी म्हटलं, मी घेते तेव्हा पंचवीस मिनिटांत काढते, मग ते तुझं एकटीचं खेळणं होतं. मला ते नकोय. तिच्या खात्यावर पालकांचं लक्ष लागतंच. बारा वर्षांची आहे, १० ते १२च्या मुलांचं खातं आईबापांच्या हाताखाली चालतं. पण मला लक्ष ठेवणारी व्हायचं नाही, खेळणारी व्हायचंय.

सासूबाई एवढा वेळ शेंगा सोलत होत्या. "वरचे पैसे मी घालते. माझा अर्धा तास कुणी खायचा नाही."

"अहो आई, पेन्शनमधून कशाला?"

"मग काय त्या खोक्यातून सील काढून आणणार आहेस?"

क्वेस्ट ३ ठरला. दुकानातून नाही. टीममधला तो १७ तारखेला न्यू जर्सीहून परततोय, आणतो म्हणाला. दुरुस्ती करायची वेळ आली तर तिकडेच पाठवावा लागेल, हे सगळ्यांना मान्य करायला लावलं. वहीत सह्या घेतल्या.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

आला. खोकं खरोखर सीलबंद. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, लेन्सला लागू नये म्हणून मी वर हात धरून बसले. पहिलं काम: ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ५० आहे का बघणं. दुसरं: वरच्या पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी.

एक मुख्य खातं आणि आणखी तीन जोडता येतात. मिळून चार. मोजून आमच्या घरासाठी केल्यासारखं, आणि पाहुण्यांना जागा नाही. भाऊबीजेला भाऊजी येतील तेव्हा माझ्या खात्यावर खेळतील.

फ्रिजवर कागद लावला: सई ५६ (चाक ५८ वर), आई ५८, मी ६०.५, तो ६९ आणि चष्मा, कड दोन खाचा पुढे. घट्ट पट्टा अजून घेतलेला नाही, मऊ पट्ट्यावर पहिल्या रात्रीची सरासरी ५२ सेकंद. मी सव्वा तास खेळले. कपाळ ठीक, खांदे दुखताहेत.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सात वाजता हॉलमधून टेबलफॅनचा आवाज. सासूबाई, एकट्या, दिवाणावर मांडी घालून. कागदावर बघून आकडा स्वतः फिरवला होता. बॅटरी ४१ टक्के. सईचा वाटा कोणी खाल्ला यावरून नऊ वाजता भांडण. चार्जिंगचं वेळापत्रक करायला घेतलं आहे.